वारा सुटला की घरात माती: कौलारू आणि पत्र्याच्या घरात धूळ कुठून येते ते शोधणे

शिमगा आटोपला की किनारपट्टीतल्या घरांत एक तक्रार ठरलेली असते. सकाळी केर काढावा, आणि दुपारची ताटे मांडेपर्यंत कपाटाच्या माथ्यावर, गादीवर, तांदळाच्या डब्याच्या झाकणावर पुन्हा लालसर थर. मग खिडक्या बंद होतात, जाळ्या लागतात, पडदे जाड होतात आणि धूळ येतच राहते. घर कौलारू किंवा पत्र्याचे असेल तर ती बहुतेक वेळा वरून येते, आणि आपण मात्र खिडक्यांवर खर्च करत बसतो.

ही धूळ झटकून मोकळे होऊ नये. चैत्रात ज्या फटीतून माती उतरते, त्याच फटीतून जूनमध्ये पाणी उतरते, आणि वादळात कौल किंवा पत्रा उचकटतो तोही बऱ्याचदा त्याच जागी. म्हणजे धुळीचा माग काढला की शाकारणीचे (पावसाआधी कौले-पत्रे नीट बसवण्याचे) अर्धे काम कागदावर तयार होते. खाली दिलेल्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून खर्चिक आणि जोखमीच्या कामाकडे जातात. क्रम मोडू नका. वरची पायरी सोडून थेट छपरावर चढणाऱ्याच्या हातून चांगली कौले फुटतात.

लक्षणे

- धूळ दुपारी १२ ते ६ या वेळात साचते; रात्री आणि पहाटे जवळपास नाही.
- जमिनीपेक्षा फडताळाच्या, कपाटाच्या, पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूला थर जाड.
- एकाच भिंतीलगत किंवा एकाच वाशाखाली सरळ पट्टा, बाकीची खोली त्या मानाने स्वच्छ.
- वाशांवर आणि रीपांवर (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) लाल माग. गेल्या पावसातले पाण्याचे ओघळही तिथेच.
- स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की माजघरात वरून कचरा पडतो.
- पत्रा वाजतो. बारीक तडतड असेल तर सांधा सुटलेला असतो. धप्प-धप्प असा जड आवाज असेल तर पत्रा आधारापासूनच उचलला जातोय.
- संध्याकाळी फरशी आणि खिडकीचे गज चिकट लागतात, बिजागऱ्यांवर गंज दिसतो.

दोन सोंगे आधीच वेगळी काढा. वारा नसतानाही चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीच्या पायथ्याशी लाल भुकटी पडत असेल, तर ती भिंतीचीच आहे: मातीच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सुटताहेत, छपराला हात लावू नका, दर्जा भरून घ्या. आणि वाशाखाली एकाच ठिकाणी फिकट पिवळसर पिठाचा छोटा ढीग दिसत असेल तर वाशाला भुंगा लागलाय. ते काम वेगळे आणि जास्त घाईचे.

आधी कागद पसरा

मार्च ते मे या काळात किनाऱ्यावर दिवसाला दोन वारे असतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो. ऊन चढले की साधारण ११-१२ वाजता दिशा फिरते आणि पश्चिमेचा किंवा वायव्येचा खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते पाच त्याचा खरा जोर. दिवेलागणीपर्यंत तो पडतो.

सहा-सात पांढरे कागद घ्या. एक पश्चिमेच्या खिडकीखाली, एक दाराशी, एक माजघराच्या मधोमध, एक कपाटावर, उरलेले माळ्यावर दोन्ही पाख्यांखाली (छपराच्या दोन्ही उतारांखाली) ठेवा. कोपऱ्यांवर खडे ठेवा. सकाळी ७ ते १२ एक फेरी, कागद झटकून १२ ते ६ दुसरी. कागदाच्या मागे जागा आणि वेळ लिहा. दोन दिवस केले की चित्र स्पष्ट होते.

माळ्यावरचे कागद माखले आणि खिडकीखालचे जवळपास कोरे राहिले, तर खिडकीवर एक रुपयाही घालू नका. उलट झाले तर छप्पर बाजूला ठेवून पुढच्या दोन पायऱ्यांवरच काम भागेल.

रंगही बघा. समुद्रावरून आलेला वारा लाल माती घेऊन येत नाही. तो वाटेत ती उचलतो: पश्चिमेकडचा कच्चा रस्ता, कापणीनंतर उघडी पडलेली शेते, वणव्याने जळालेला सडा (उघडा कातळमाळ), चिरेखाण, क्रिकेटचे मैदान. म्हणून लाल धूळ असेल तर घराच्या पश्चिमेला काही शे मीटरच्या आत तिचा उगम शोधा. हाताला खरखरीत लागणारे, उन्हात चमकणारे कण म्हणजे पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) वाळू. ती जड असल्याने खिडकी-दारातून येते आणि उंबऱ्याजवळच पडते, माळ्यावर क्वचितच चढते.

तिसरी धूळ फिकट, राखाडी-पांढरट, अतिशय बारीक. ती आपल्या गावची नसते. पाकिस्तान, राजस्थान आणि पलीकडे अरबस्तानच्या कोरड्या भागातली माती वायव्येच्या वाऱ्यावर, बरीचशी अरबी समुद्र ओलांडून, येते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत गाड्यांवर पांढरा थर बसला आणि सूर्य फिकट दिसत होता, तो हाच प्रकार. अशा दिवशी आकाशच धुरकट असते, क्षितिज दिसत नाही, आणि धूळ गावातल्या सगळ्या घरांत सारखी येते. तो दिवस तपासणीतून वगळा. दारे-खिडक्या लावून घ्या, ओल्या फडक्याने पुसा, दम्याच्या माणसाला बाहेर पाठवू नका. छपराचा दोष त्या दिवशी शोधायला गेलात तर सगळेच छप्पर गळके वाटेल.

फुकटचा उपाय: कुठली खिडकी उघडी आहे

बहुतेक घरांत दुपारी पश्चिमेच्या खिडक्या बंद आणि पूर्वेच्या उघड्या असतात. दिसायला शहाणपणाचे, पण कौलारू घरात नेमके उलटे फळ देते.

वारा पश्चिमेच्या भिंतीवर आदळतो तेव्हा तिथे दाब वाढतो. पूर्वेच्या भिंतीवर, आढ्यापलीकडच्या (छपराच्या माथ्यापलीकडच्या) पाख्यावर आणि छपराच्या कोपऱ्यांवर मात्र ओढ तयार होते. पूर्वेची खिडकी उघडी असली की ती ओढ घरातली हवा बाहेर खेचते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. पश्चिम बंद, मग ती वळचणीतून (छपराच्या खालच्या कडेतून) आणि कौलांच्या फटींतून येते, येताना वर साचलेली माती घेऊन. एक्झॉस्ट पंखाही हेच करतो.

दोन दिवस असे करून बघा: दुपारी ११.३० पासून पूर्वेची दारे-खिडक्या मिटलेली ठेवा आणि पश्चिमेची एकच खिडकी उघडी ठेवून तिच्यावर जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा दुहेरी पडदा, ओला करून पिळून, चौकटीला घट्ट ताणून बांधा. आत येणारी हवा त्यातून गाळून येते, घरात किंचित दाब राहतो आणि कौलांच्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. कापड दर दोन तासांनी पुन्हा ओले करावे लागते. एक्झॉस्ट पंखा फक्त फोडणीच्या वेळी, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघराची खिडकी उघडी.

माळ्यावरचे कागद एवढ्याने बरेच कोरे राहिले तर फटी बारीक आहेत. पावसाआधीच्या नेहमीच्या शाकारणीत त्या निघतील. फरक पडलाच नाही तर कुठेतरी मोठे भोक आहे.

एक इशारा इथेच. हा उपाय रोजच्या खाऱ्या वाऱ्यासाठी आहे. वादळाचा इशारा असेल किंवा वळवाची वावटळ दिसत असेल तेव्हा वाऱ्याच्या तोंडाची एकही खिडकी उघडी ठेवू नका. आत शिरलेल्या वाऱ्याचा दाब खालून छपराला उचलतो, वरून ओढ असतेच, आणि दोन्ही एकत्र आले की छप्पर जाते.

दार, खिडकी, अंगण

दुपारी तीनच्या सुमारास पडदे बाजूला करून पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आत वळला तिथे हवा आत येतेय. खडूने खूण करा.

दाराखालच्या फटीला ब्रशची किंवा रबराची लवचिक पट्टी लावा. लाकडी पट्टी ठोकून फट पूर्ण बुजवू नका. एप्रिलमध्ये लाकूड आकसलेले असते. जुलैत तेच दार फुगते आणि उंबऱ्याला घासून अडते. लाकडाला २ ते ३ मिमी जागा सोडलीच पाहिजे, आणि ती जागा लवचिक पट्टीनेच भरायची.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत दोन गोष्टी बघा. पल्ल्याच्या कडेची केसाळ पट्टी दबून सपाट झाली असेल तर ती खाचेतून ओढून काढता येते. जुना तुकडा दुकानात दाखवून त्याच रुंदीची नवी आणा. दुसरे, खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला छोटी भोके असतात. धूळ येते म्हणून ती सिलिकॉनने बुजवलेली घरे पुष्कळ दिसतात. ती भोके पावसाचे पाणी बाहेर टाकण्यासाठी आहेत. बुजवली की पहिल्याच झडीत पाणी खोलीत. जुन्या दातघासणीने साफ करा, तेवढे पुरे.

मच्छरांची जाळी डास अडवते. लाल धूळ तिच्यातून सरळ जाते, म्हणून धुळीसाठी नवी जाळी घेणे वाया.

अंगणातली माती उडत असेल तर ११ वाजता, खारा वारा सुरू व्हायच्या आधी, पाणी शिंपडा. चौरस मीटरला लिटरभर पुरते. दुपारी दोनला शिंपडून उपयोग नाही, तोवर घर माखलेले असते. पाण्याची ओढ असेल तिथे भांडी-कपड्यांचे दुसरे पाणी चालते. शेणाने सारवलेले खळे चांगले राहते, पण गाडी फिरली की सारवण मोडते आणि धूळ दुप्पट. गाडीच्या चाकोरीत खडी टाका.

पश्चिमेच्या बाजूला आडोसा करायचा तर भरीव भिंत घालू नका. भरीव गडग्यावरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली येतो, माती तिथेच फिरत राहते. ज्यातून अर्धा वारा पार होतो असा आडोसा सरस: झावळ्यांचे विरळ विणलेले झाप किंवा ५० टक्क्यांची शेडनेट. असा आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो; म्हणजे २ मीटर उंचीचा असेल तर १५-२० मीटर. शेडनेट मोठ्या खांबांना लोखंडी तारेने करकचून बांधू नका. सुंभाने बांधा, म्हणजे वादळात सुंभ तुटेल आणि खांब उभे राहतील. कायमचे हवे असेल तर मोगली एरंडाचे कुंपण सर्वात स्वस्त: पावसाच्या तोंडावर दांडे खोचले की जगतात, गुरे तोंड लावत नाहीत. बिया विषारी असतात, लहान मुले असतील त्या घरी निर्गुडी लावा.

माळ्यावर, भर दुपारी, दिवा न लावता

इथपर्यंत प्रश्न सुटला नसेल तर छपराकडे वळा, पण आतून. नाकावर एन-९५ मास्क बांधा. माळ्यावर उंदरांच्या लेंड्या आणि वर्षांची माती असते. पाय वाशांवर किंवा तुळयांवरच.

साडेबारा-एकला माळ्यावर अंधार करून वर बघा. मंगलोरी कौलांच्या खाचेतून केसासारखी बारीक उजेडाची रेघ दिसणे ठीक. ठिपका, त्रिकोण किंवा बोटभर पट्टी दिसली तर तिथे कौल फुटलेय, सरकलेय किंवा त्याच्या पाठीवरची खुंटी तुटलीय. प्रत्येक जागेची नोंद अशी करा: पश्चिम पाखे, आढ्यापासून तिसरी ओळ, दक्षिणेकडून सातवे कौल. वहीत चौकटी आखून फुल्या मारा. शाकारायला येणाऱ्या माणसाच्या हातात ही वही दिली तर तो फुलीवरचीच कौले उचलतो. वही नसेल तर तो अंदाजाने चालतो, आणि चालताना चार फोडतो.

पूर्वेचे पाखे वगळू नका. खारा वारा पश्चिमेचा असल्याने सगळे लक्ष तिकडेच असते. पण वळवाचे ढग सह्याद्रीवर बांधले जातात आणि संध्याकाळी बरेचदा पूर्वेकडूनच किनाऱ्याकडे सरकतात. त्यांच्यापुढे धावणारा सोसाटा पूर्वेचा असतो. वर्षभर पश्चिमेच्या वाऱ्याला सरावलेल्या घराची पूर्वेची कौले त्या अर्ध्या तासात जातात.

रीपांना स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर रीप कुजलीय किंवा वाळवीने पोखरलीय. तिथे नवे कौल बसवून काही होणार नाही.

कौले

छपरावरचे काम सकाळी सात ते दहा. वारा सुटला की उतरायचे, काम अर्धे राहिले तरी. शिडीच्या दर चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट बाहेर, आणि खाली शिडी धरायला माणूस. कौलांवर थेट पाय न देता वाशांवर आडवी फळी टाका आणि तिच्यावर बसून काम करा.

सरकलेले कौल नुसते वर ढकलून भागत नाही. ते का सरकले ते बघा. खुंटी तुटली असेल तर कौल बदला. रीप झुकली असेल तर रीप. आणि बऱ्याचदा शेजारच्या दोन कौलांच्या कारखान्यांचे शिक्के वेगळे असतात: वेगवेगळ्या साच्यांची कौले एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत, मिलिमीटरभर डुगडुगतात, आणि रोजच्या वाऱ्याने खाली येत राहतात. एका पाख्यावर एकाच शिक्क्याची कौले ठेवा. वेगळी असतील तर ती सगळी एकत्र मांगरावर किंवा पडवीवर लावा. पाडलेल्या घरांची जुनी कौले स्वस्त मिळतात. घेताना पाठ बघा, बोटाने वाजवून आवाज ऐका. खणखणीत वाजले तर घ्या, बद्द वाजले तर त्यात चीर आहे.

कडेची कौले बांधा. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याला लागून असलेली ओळ आणि दोन्ही टोकांच्या उभ्या ओळी, एवढी बांधली तरी पुष्कळ. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वात जास्त असते. मधले कौल शेजाऱ्यांच्या वजनाने दबलेले असते, कडेच्या कौलाला शेजारी एकाच बाजूला. मंगलोरी कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असते. त्यातून प्लास्टिकचे आवरण असलेली जस्ती तार ओवून रीपेला दोन वेढे द्या. साधी काळी बांधणी तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही.

आढ्यावरच्या कौलांखालचा गिलावा हे धुळीचे सर्वात लाडके दार. उन्हाने तापून, रात्री थंड होऊन तो सुटतो आणि खालून केसाएवढी चीर दिसते. बाहेरून काहीच दिसत नाही. सुटलेला गिलावा पूर्ण खरवडून काढा. कौले आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवा, कारण कोरडे कौल गिलाव्यातले पाणी पिऊन टाकते आणि तो भुसभुशीत होतो. सिमेंट एक भाग, वाळू चार भाग. जास्त सिमेंट घातले की जास्त मजबूत होते हा समज चुकीचा. तो जास्त आकसतो आणि लवकर तडकतो. पुळणीची वाळू अजिबात नको, तिच्यातले मीठ ओल धरून ठेवते आणि गिलावा फुलतो. एप्रिलच्या उन्हात ओले गोणपाट टाकून किमान चार दिवस पाणी मारा.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद ताणून धूळ थांबवण्याची पद्धत बरीच दिसते. धूळ थांबते खरी. पण वरून आलेले पावसाचे पाणी त्यात झोळी करून साचते, वासे वाळत नाहीत, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रीपा कुजतात. आच्छादन करायचेच तर कौलांपासून हातभर खाली, चटईचे किंवा प्लायचे छत, दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवून.

पत्रे

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात छपरेच्या छपरे गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. पाऊस डोक्यावर असताना घाईत बसवलेले पत्रे अजून बऱ्याच घरांवर आहेत, आणि घाईच्या खुणा तीनच जागी सापडतात.

पहिली, स्क्रू. रबराचा वॉशर उन्हाने तडकलेला, किंवा ड्रिलने इतका आवळलेला की रबर चिरडून बाहेर आलेले. रबर टोपीच्या कडेला जेमतेम दिसेल इतकेच आवळायचे. पत्रा रोज हलत राहिला की भोक लांबट होते. तिथे तोच स्क्रू पुन्हा आवळून काही होत नाही. १२ नंबरच्या जागी १४ नंबरचा, मोठ्या वॉशरचा स्क्रू घाला, किंवा दोन बोटे सरकून नवे भोक पाडून जुने बंद करा. लाकडी आधाराला ५० ते ६५ मिमी लांबीचा स्क्रू लागतो. नागमोडी पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर. खोलगट भागात मारला तर जूनमध्ये पाणी त्याच्यावरूनच वाहते. भोक पाडताना पडलेला लोखंडी चुरा लगेच ब्रशने झाडा. खाऱ्या हवेत तो एका रात्रीत गंजतो आणि पत्र्याचा रंग खातो.

दुसरी, कडा. छपराच्या कडेच्या मीटरभर पट्ट्यात प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा, मध्ये एकाआड एक चालतो. शेवटच्या आधारापुढे पत्रा फूटभरापेक्षा जास्त बाहेर आला असेल तर तो फडफडणारच, कितीही स्क्रू मारा. आधार वाढवा नाहीतर पत्रा कापा. तडतड वाजणाऱ्या बाजूच्या जोडाला दर अर्ध्या मीटरवर छोटा जोड-स्क्रू मारला की आवाज आणि धूळ दोन्ही थांबतात. जोडाचे उघडे तोंड नैर्ऋत्येकडे, म्हणजे पावसाच्या वाऱ्याकडे, असेल तर मात्र पत्रे उलट्या बाजूने लावायला सुरुवात झाली होती. त्याला कायमचा इलाज पत्रे काढून पुन्हा लावणे. तोवर जोडात ब्यूटिल टेपची (चिकट रबरी टेपची) पट्टी.

तिसरी, नागमोडी पोकळ्या. वळचणीला आणि आढ्याच्या टोपीखाली पत्र्याच्या लाटेखाली जी भोके उरतात तिथून धूळ मुबलक येते. त्यात सिमेंट भरू नका, पत्रा तापून हलतो आणि ते गळून पडते. थर्माकोल मुंग्या पोखरतात. पत्र्याच्याच आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या बसवा, आणि आढ्याखाली दोन्ही टोकांना जाळी लावून थोडी जागा मोकळी ठेवा. नाहीतर मे महिन्यात घर भट्टी होईल.

पत्र्यावर दगड, टायर, वाळूची पोती ठेवणे हा उपाय नव्हे. दगडाखाली ओल राहून पत्रा सडतो, आणि वादळात तो दगड खाली कोणाच्या तरी डोक्यात जातो.

बंद घरे

मालक मुंबईला आणि घर वर्षाचे दहा महिने कुलपात, अशा ठिकाणी कागदांची तपासणी होत नाही. त्याऐवजी जाताना माळ्यावर आणि माजघरात जुन्या चादरी पसरून जा. परत आल्यावर चादर न झटकता वरून फोटो काढा. जाड डागाच्या बरोबर वर फट आहे. झाडू कोरडा फिरवू नका, आधी ओला लाकडाचा भुसा पसरा आणि मग ओढा.

इथे थांबा

जुना सिमेंट पत्रा असेल तर स्वतः वर चढू नका. तो वरून भक्कम दिसतो आणि पायाखाली काहीही न वाजता फुटतो. त्यात अॅस्बेस्टॉस असते. कोरडा घासणे, कापणे, ड्रिल मारणे हे सगळे टाळा.

वासा वाकलेला, भिंतीवरची आडवी तुळई चिऱ्यांपासून सुटलेली, किंवा धप्प-धप्प आवाजाबरोबर भिंतीच्या माथ्यावरून माती पडत असेल तर दोष स्क्रूचा नाही. छप्पर भिंतीला धरून राहिलेले नाही. तिथे जाणता सुतार किंवा इमारतीचा इंजिनियर लागेल, आणि तो येईपर्यंत त्या खोलीत झोपू नका. सुतार एप्रिलच्या मध्यानंतर मिळणे कठीण, आंबा-काजूच्या कामाला सगळी माणसे गुंतलेली असतात. फुल्यांची वही तयार झाली की त्याच आठवड्यात सांगून ठेवा.

वळचणीला मोहोळ असेल तर शिडी लावू नका. आग्या मोहोळ असेल तर धूर करून बघण्याचाही विचार नको, मध काढणारा माहीतगार बोलवा.

आणि वीज. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल, तिचे आवरण सोललेले दिसत असेल, किंवा पत्र्याला, पागोळीच्या पन्हाळीला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळे काम तिथेच सोडा. घरातला मेन स्विच बंद केल्याने ती वायर मरत नाही. ती स्विचच्या अलीकडे आहे, तिच्यात वीज असतेच. खांबावरच्या चिमण्यांवर (तारा ज्यांवर बसवतात त्या इन्सुलेटरवर) मीठ आणि धुळीचा थर बसला की पहाटेच्या दवात तिथे चरचर आवाज येतो आणि ठिणग्या दिसतात, तेही तुमच्या हातचे काम नाही. १९१२ वर महावितरणला कळवा, ग्राहक क्रमांक आणि खांबावरचा नंबर सांगा, आणि लाइनमन पुरवठा तोडेपर्यंत शिडी भिंतीपासून लांब आडवी ठेवा.